वाकळेतली हवा

माझ्या लेकीच्या जन्माच्या तीन आठवडे आधी आई मिनीॲपोलिसला आली. सोबत २३ किलोच्या दोन बॅगा. एकीत डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा, मेतकूट. दुसरी उघडली आणि वर आली ती वाकळ. तुम्ही गोधडी म्हणत असाल. साताऱ्याकडे आम्ही वाकळ म्हणतो. मुंबईच्या विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं, तेव्हा आईनं लोणच्याची बरणी माझ्या भावाच्या हातात परत दिली. वाकळ काढली नाही.

वाकळ होती आजीच्या दोन लुगड्यांची. आजी गेल्यानंतर तिची लुगडी आईनं ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवली होती. मला दिवस गेल्याचं कळलं तशी तिनं ती बाहेर काढली, चार-पाच वेळा धुतली आणि उन्हाळ्याच्या दुपारी ओसरीवर अंथरून, चारही कोपऱ्यांवर तांबे ठेवून शिवायला बसली. एका नऊवारी लुगड्याचे तीन तुकडे, दोन लुगड्यांचे सहा थर. विरलेलं कापड आत, धड असलेलं वर, आणि काठ चारी बाजूंनी फिरवलेले. आकार मात्र मोठ्या माणसाचा, पाच फूट बाय सात फूट. "बाळ लहान असतंय, पण वाकळ एकदाच शिवायची," हा तिचा हिशोब.

लेक घरी आली त्याच्या तिसऱ्या रात्रीची गोष्ट. जानेवारी महिना, बाहेर उणे २२ अंश. पहाटे तीनला मी पाळण्याशी गेले, तर बाळ आजीच्या लुगड्यांत छान गुरफटलेलं. गळ्यापर्यंत पांघरूण, वर फक्त नाकाचा शेंडा. मी वाकळ काढून घेतली आणि बाळाला दवाखान्यातून सांगितलेली झोपण्याची पिशवी घातली. सकाळी आईनं पाहिलं. काही बोलली नाही. चहा झाल्यावर वाकळेची घडी घालता घालता एवढंच म्हणाली, "तुला याच असल्या वाकळेखाली मोठं केलंय मी."

माझं पोटापाण्याचं काम म्हणजे उष्णतारोधक पदार्थांवरचं संशोधन. उष्णता कशातून किती जाते, कशानं अडते, हे मी दिवसभर मोजत असते. पण त्या सकाळी आईला समजावून सांगायला माझ्याकडे दवाखान्यातल्या पत्रकाखेरीज काही नव्हतं, आणि "कागदावर लिहिलंय म्हणून" हे उत्तर तिच्या तीन महिन्यांच्या टाक्यांपुढे फार तोकडं होतं. पुढच्या काही दिवसांत आम्ही दोघी त्या वाकळेबद्दल पुष्कळ बोललो. हा लेख म्हणजे त्याच बोलण्याची, थोडी नीट लावलेली, घडी.

ऊब येते कुठून?

पहिली गोष्ट, वाकळ स्वतः गरम नसते. शेगडी आपणच असतो. झोपलेल्या प्रौढ माणसाचं शरीर साधारण ७० वॅट उष्णता बाहेर टाकत असतं, जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. पांघरुणाचं काम ती उष्णता हळू जाऊ देणं, एवढंच.

हे काम कापड करतं असं आपल्याला वाटतं. खरं तर ते करते हवा. स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. पाण्यातून उष्णता तिच्यापेक्षा सुमारे २४ पट सहज जाते. कापसाच्या तंतूतूनही हवेपेक्षा कितीतरी सहज जाते. फक्त एक अट आहे, हवा स्थिर हवी. मोकळी हवा तापली की वर जाते, थंड हवा तिची जागा घेते, आणि उष्णता तिच्याबरोबर वाहून जाते. म्हणून हवेला लहान लहान कप्प्यांत कोंडायचं. पक्ष्यांची पिसं हेच करतात, लोकर हेच करते, थर्माकोल हेच करतो. माझ्या प्रयोगशाळेतलं एरोजेल नावाचं महागडं प्रकरणही त्याच तत्त्वावर चालतं. त्यातली छिद्रं इतकी बारीक असतात की हवेच्या रेणूंना एकमेकांवर आदळायलाही धड जागा मिळत नाही.

आता आपल्या वाकळेचा हिशोब करू. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन दोन किलोंच्या आसपास भरलं. पाच बाय सात फूट म्हणजे साधारण सव्वातीन चौरस मीटर. हलक्या हातानं पसरली की जाडी सहा मिलिमीटर. यावरून घनफळ येतं साधारण साडेएकोणीस लिटर. कापसाच्या तंतूची घनता पाण्याच्या दीडपट धरली, तर दोन किलो कापूस जागा व्यापतो जेमतेम सव्वा-दीड लिटर. मग उरलेले अठरा लिटर काय आहे? हवा. म्हणजे वाकळेचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग हवाच आहे. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मी लोणचं ठेवून हवा घेऊन आले?"

ऊब मोजायला एकक आहे, त्याचं नाव 'क्लो'. गॅगी, बर्टन आणि बॅझेट या तिघा शास्त्रज्ञांनी १९४१ साली ते मांडलं. २१ अंशांच्या, वारा नसलेल्या खोलीत शांत बसलेल्या माणसाला सुखकर वाटायला जेवढे कपडे लागतात, त्यांचा उष्णतारोध म्हणजे १ क्लो. त्यांच्या डोळ्यांसमोर होता साधा सूट घातलेला माणूस. ब्रिटनमध्ये पांघरुणांवर 'टॉग' छापलेला असतो. १ क्लो म्हणजे १.५५ टॉग. कापड कुठलंही असो, उष्णतारोध मुख्यतः जाडीवर ठरतो, आणि ढोबळ नियम असा की एक इंच जाडीला सुमारे ४ क्लो. सहा मिलिमीटर म्हणजे पाव इंचाला किंचित कमी. आजीची वाकळ भरली जवळपास १ क्लो. ती कधी साताऱ्याच्या पुढे गेली नाही, पण तिच्या लुगड्यांना आता एका अख्ख्या सुटाची ऊब होती.

टाक्यांचं काम

सहा थर नुसते एकावर एक ठेवले तर चालतील का? एक-दोन रात्री चालतील. मग आतले थर सरकतात, एका कोपऱ्यात गोळा होतात आणि उरलेल्या ठिकाणी दोनच थर राहतात. उष्णता सगळ्यात कमजोर जागेतून पळते. म्हणून टाके.

वाकळेचा टाका म्हणजे साधा धावदोरा. आई कडेनं सुरुवात करते, चौकोनात फिरत फिरत मध्यावर येते. दोन ओळींत बोटभर अंतर. मला वाटायचं की हे अंतर सवयीनं ठरलेलं आहे. पण विचार केला तर त्यात एक अवघड तडजोड दिसते. जिथे टाका पडतो तिथे थर आवळले जातात, हवा निघून जाते, आणि तेवढ्या रेघेत ऊब कमी होते. टाके फार दाट घातले तर वाकळ चादरीसारखी चपटी होईल. फार विरळ घातले तर थर सरकतील. मधलं अंतर असं हवं की दोन ओळींच्या मध्ये कापड जरासं फुगून राहील. वाकळेवर हात फिरवला की जी बारीक चुणी लागते, ती म्हणजे हवेचे कप्पे. ती शोभेची नाही.

टाक्यांचं आणखी एक काम आहे. जुनं कापड फाटायला टेकलेलं असतं. एकाच थराचं असतं तर एक चीर वाढत वाढत टोकाला गेली असती. वाकळेत वरचा थर फाटला तरी चीर खालच्या थरात उतरत नाही, आणि आडवी वाढलीच तर टाक्यांच्या ओळीशी तिचा जोर कमी होतो. सहा दुबळी कापडं मिळून एक टिकाऊ वस्तू होते. विमानांच्या पंखांसाठी थरांचे पदार्थ बनवणारे अभियंतेही फूट पसरू नये म्हणून कधी कधी थरांतून दोरा घालून ते शिवतात.

आणि नवरात्राआधी ओढ्यावर नेऊन सगळ्या वाकळा धुवायच्या, दगडांवर दिवसभर वाळत घालायच्या, यामागेही स्वच्छतेइतकंच उबेचं कारण आहे. कापूस हवेतला ओलावा धरून ठेवतो. दमट नसलेल्या हवेतही त्याच्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी त्यात असतं. पावसाळाभर घडीत दबलेल्या वाकळेतली हवा कमी होते, पाणी वाढतं. ऊन दाखवलं की पाणी जातं, झटकली की तंतू मोकळे होतात आणि वाकळ पुन्हा फुगते.

मऊपणाचं गणित

मिनीॲपोलिसच्या दुकानात पिसांची दुलई मिळते. आईच्या खोलीत आम्ही ती ठेवली होती. उबेच्या मापात ती वाकळेला सहज मागे टाकते. दोन रात्रींनी आई म्हणाली, "गरम आहे, पण अंगावर काही आहे असं वाटतच नाही."

यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे वजन. जड पांघरुणानं झोप सुधारते का, यावर अलीकडे प्रयोग झालेत. २०२० साली स्वीडनमध्ये निद्रानाश आणि मानसिक आजार असलेल्या १२० रुग्णांवर एक चाचणी झाली. अर्ध्यांना सहा ते आठ किलोंचं पांघरूण, अर्ध्यांना दीड किलोचं. चार आठवड्यांनी जड पांघरूणवाल्यांचा निद्रानाश जास्त कमी झाला होता. अर्थात आपल्या अंगावर जड पांघरूण आहे हे रुग्णाला कळतंच, आणि झोप कशी लागली हेही बरंचसं त्यानंच सांगायचं होतं. तेव्हा हा निकाल जपून घ्यायचा. दोन किलोंची वाकळ या दोन्हींच्या मधली.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. कापड किती सहज वाकतं, हे त्याच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतं. जाडी दुप्पट झाली तर ताठपणा आठपट. सहा थर एकमेकांना चिकटवून एकच जाड कापड केलं, तर ताठपणा एका थराच्या २१६ पट होईल. पण थर सुटे असतील आणि एकमेकांवरून घसरू शकत असतील, तर तो फक्त सहापट. म्हणजे त्याच जाडीचं सुट्या थरांचं पांघरूण सलग कापडापेक्षा ३६ पट लवचीक. धावदोरा थरांना जागेवर धरतो पण जखडत नाही, त्यामुळे वाकळ या मऊ टोकाच्या जवळ राहते. त्यात कापड जुनं. शेकडो धुण्यांत खळ निघून गेलेली, सूत सैल झालेलं. नव्या कापडाची वाकळ आजीला कधीच आवडली नाही. ती अंगाला लागत नाही, म्हणायची.

लवचीक पांघरूण अंगाच्या प्रत्येक वळणात बसतं. मान आणि खांद्याशी फट राहत नाही. कूस बदलली तरी भात्यासारखी गरम हवा बाहेर फेकली जात नाही. पिसांची दुलई तंबूसारखी उभी राहते. वाकळ कवेत घेते.

इथपर्यंत आई खूश होती.

तोच मऊपणा, तान्ह्या बाळाच्या तोंडावर

"मग काढलीस कशाला?" तिनं विचारलं.

उत्तर वरच्याच परिच्छेदांत आहे. वाकळ हवा कोंडून धरते आणि प्रत्येक वळणात घट्ट बसते. हे वळण नाक आणि तोंड यांचं असलं तर?

आपण बाहेर सोडतो त्या श्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेरच्या हवेच्या साधारण शंभरपट. मोकळ्या जागेत तो लगेच पांगतो. तोंडावर मऊ कापडाचा खळगा झाला की तीच हवा आत राहते आणि पुन्हा श्वासात येते. प्रत्येक श्वासागणिक त्यात प्राणवायू कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त. तुमच्या-माझ्या बाबतीत मेंदूचा तळाकडचा भाग तात्काळ धोक्याची घंटा वाजवतो. आपण झोपेतच मान वळवतो, पांघरूण भिरकावतो. पहिल्या काही महिन्यांत बाळाची ही जाग येण्याची यंत्रणा पुरती पक्की झालेली नसते. जाग आली तरी मान उचलायची, हातानं कापड बाजूला सारायची ताकद नसते.

१९९१ साली सेंट लुईसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जेम्स केम्प आणि ब्रॅडली थॅक यांनी बारीक मण्यांनी भरलेल्या मऊ गाद्यांवर पालथी झोपलेली बाळं का दगावली याचा शोध घेतला. गादी चेहऱ्याभोवती बसत होती आणि बाळ स्वतःचाच श्वास पुन्हा पुन्हा घेत होतं, हा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेत तशा गाद्यांवर बंदी आली. १९९४ पासून बाळाला पाठीवर झोपवा, ही मोहीम देशभर सुरू झाली आणि काही वर्षांतच अचानक होणाऱ्या बालमृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. तरी आजही अमेरिकेत दर वर्षी साधारण साडेतीन हजार तान्ही बाळं झोपेत अचानक जातात. बहुतेक सहा महिन्यांच्या आतली. सगळ्यांचं कारण पांघरूण नसतं. पण बदलता येण्यासारख्या गोष्टींत ते फार वरचं आहे.

दुसरा धोका फाजील उबेचा. जाड पांघरुणाखाली बाळाचं अंग नको तितकं तापतं, आणि तापलेल्या बाळाला जाग यायला आणखी वेळ लागतो.

म्हणून अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सनं २०२२ साली सुधारलेल्या सूचना अगदी सरळ आहेत. बाळ पाठीवर, स्वतःच्या सपाट आणि घट्ट गादीवर, आईबापांच्याच खोलीत. पहिल्या वर्षात पाळण्यात सुटं पांघरूण, उशी, मऊ खेळणी काही नाही. वजनदार पांघरूण तर अजिबात नाही. थंडी असेल तर अंगात घालायची पिशवी, जी तोंडावर सरकू शकत नाही.

आईनं सांगितलेली गोष्ट

"पण तुम्ही सगळी भावंडं वाकळेखालीच वाढलात," आई म्हणाली. "एकालाही काही झालं नाही."

मी संशोधक आहे. या युक्तिवादातली खोट मला पाठ आहे. जे वाचले तेच सांगायला उरतात. जे गेले ते हिशोबात येत नाहीत. हे मी जरा जास्तच ठासून बोलले असावे, कारण आई एकदम गप्प झाली. बराच वेळ बाळाच्या लंगोटांच्या घड्या घालत राहिली.

मग म्हणाली, "माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. तीन महिन्यांचा होऊन गेला. मार्गशीर्षात. रात्री पाजून निजवला, सकाळी उठलाच नाही."

मला हे माहीत नव्हतं. पस्तीस वर्षांत आजीच्या तोंडून मी हे एकदाही ऐकलं नव्हतं. गावानं म्हटलं, नजर लागली. कुणी म्हटलं, सटवाईनं नेला. तो कशानं गेला हे आज कुणीच सांगू शकणार नाही, आणि मी वाकळेला दोष देणार नाही. पण आईला पुढचं आठवलं, बोलता बोलता, जणू तिलाही ते नव्यानंच दिसत होतं. नंतरच्या प्रत्येक बाळाला, तिला, तिच्या भावांना, पुढे आम्हा नातवंडांना, आजी वाकळ कधी काखेच्या वर येऊ द्यायची नाही. दोन्ही कडा बाळाच्या अंगाखाली दाबायची आणि स्वतः भिंतीला टेकून बसून राहायची. आईला दहा वेळा बजावायची, "तोंड उघडं ठेव गं त्याचं."

म्हणजे अर्धं उत्तर घरातच होतं. आजीकडे शब्द नव्हते, आकडे नव्हते, पण पांघरूण घालणं आणि जागं राहणं ही एकच गोष्ट आहे हे तिनं ओळखलं होतं. आता पहाटे तीनला मी झोपणार, नवरा झोपणार, आणि पासष्ट वर्षांची आईही झोपणार. जागं कुणीच नसणार. म्हणून वाकळ पाळण्यात नाही.

आईनं त्यानंतर वाद घातला नाही. संध्याकाळी तिनं ती आरामखुर्चीवर पसरली.

वर्षभर वाकळेनं काय केलं

पुष्कळ काही. रात्री पाजताना ती माझ्या पाठीवर आणि मांड्यांवर असायची. बाळ वर, उघड्या तोंडानं. दुपारी घट्ट सतरंजीवर तिची चौपदरी घडी आईच्या गुडघ्यांखाली असायची, आणि आमची लेक समोर पोटावर पडून मान उचलायचा सराव करायची, आईच्या डोळ्यांदेखत. सहा महिन्यांनी आई परत गेली तेव्हा तिचा वास त्यात राहिला. वासाची वार्ता मेंदूत जरा वेगळ्या वाटेनं जाते. इतर संवेदना आधी थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबतात. वास मात्र भावना आणि आठवणींशी जोडलेल्या भागांत जवळजवळ थेट शिरतो. पहिला आठवडा मी वाकळ धुतली नाही.

वर्ष पूर्ण झाल्यावर लेकीच्या डॉक्टरांना विचारून ती तिच्या अंगावर आली. आता लेक अडीच वर्षांची आहे आणि वाकळेचा एक कोपरा हातात धरल्याशिवाय झोपत नाही. जवळच्या दुकानातलं मऊ, सशांचं चित्र असलेलं ब्लँकेट दिलं तर ती ते पलंगाखाली टाकते.

याचाही अभ्यास झालाय. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक 'नक्कल करणारं यंत्र' दाखवलं. दोन खोकी, काही दिवे आणि मागे लपलेला मदतनीस. एका खोक्यात वस्तू ठेवायची, दुसऱ्यातून हुबेहूब दुसरी निघते, असं मुलांना वाटायचं. साध्या खेळण्याची नक्कल मुलं आनंदानं घ्यायची. पण ज्यांची रोज कुशीत घेऊन झोपण्याची एखादी वस्तू होती, त्यांना तीच परत हवी होती. काहींनी ती यंत्रात ठेवूच दिली नाही. दिसायला सारखी असली तरी ती 'ती' नाही, हे एवढ्या लहान मुलांनाही ठाऊक होतं.

मोठ्यांचंही वेगळं नाही. अमेरिकेत आल्यावर मला अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीची ओळख झाली. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी पिढ्यानपिढ्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. २००२ साली त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या. त्यातली एक मिझूरी पेटवे यांनी १९४२ साली नवरा वारल्यावर त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची शिवली होती. गुडघ्यांवरचे विटके डागही त्यात तसेच आहेत. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली झोपता यावं, एवढाच त्यांचा हेतू होता, असं त्यांच्या लेकीनं पुढे सांगितलं. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, कर्नाटकातल्या सिद्दींची कवंदी, आमची वाकळ. प्रत्येकीचा टाका वेगळा, पण कपडे कुणाचे होते हे सगळीकडे लक्षात ठेवलं जातं.

गोधडी पाठवणाऱ्यांसाठी आणि घेणाऱ्यांसाठी

तुमची आई किंवा सासूबाई गोधडी घेऊन येणार असतील, तर येण्याआधीच बोला. पहाटे तीनला नको. तिला सांगा की पहिलं वर्ष गोधडी जागेपणी वापरायची: मांडीवर, खुर्चीवर, जमिनीवर, कुणीतरी समोर असताना. झोपेला नाही, आणि गाडीतल्या बाळखुर्चीच्या पट्ट्यांखालीही नाही. मध्ये जाडी आली की पट्टे सैल बसतात. गोधडीवर मणी, आरसे, बटणं नकोत. आकार मोठाच ठेवा, मूल त्यात वाढत जातं. गार पाण्यात, हलक्या चक्रात धुवा, आणि ऊन असेल तेव्हा बाहेर वाळवा. इथे वर्षातले सहा महिने ऊन नुसतं दिसतं, तेव्हा ड्रायर कमी तापमानावर चालेल.

मागच्या महिन्यात आमच्या वाकळेचा एक कोपरा, तोच लेकीच्या मुठीतला, अगदी विरला. मी तिच्या जुन्या दुपट्याचा तुकडा कापला आणि आयुष्यात पहिल्यांदा ठिगळ लावलं. माझे टाके लांब, वाकडे आणि भलतेच घट्ट. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. तिनं चष्मा वर-खाली करून बराच वेळ पाहिलं.

"दोरा इतका ओढू नको गं," ती म्हणाली. "हवा जाईल सगळी त्यातली."